आम्ही डोळ्याखालचे खड्डे भरतो

आमच्या क्लिनिकमध्ये कचऱ्याचे चार डबे आहेत. पिवळा, लाल, निळा आणि सुयांचा पांढरा. कुठली वस्तू कुठल्या डब्यात टाकायची याचा तक्ता भिंतीवर लावलाय, आणि गाडी येऊन सगळं घेऊन जाते. फक्त पेशंट जे बोलून जातात त्याला डबा नाही. ते सगळं माझ्याच डोक्यात साठतं. दीड वर्षात इतकं साठलंय की थोडं बाहेर काढलं नाही तर झाकण लागणार नाही!

मी जयेश. भाईंदर पश्चिमेला राई गावात राहतो, मिरा रोडच्या एका स्किन क्लिनिकमध्ये कामाला आहे. शिक्षण नववी नापास. पण पांढरा कोट घातला की पेशंट मलाच डॉक्टर समजून जीभ दाखवतात. स्किनच्या क्लिनिकमध्ये जीभ कशाला दाखवतात, देव जाणे! फोटो काढणं, बर्फाच्या पिशव्या देणं, फाइली शोधणं आणि मॅडम ओरडल्या की "हो मॅडम" म्हणणं, हे माझं काम. मॅडम म्हणजे डॉक्टर हेतल. गुजराती आहेत, पण मराठी फाडफाड बोलतात. काउंटरवर रेश्मा. ती पेशंटला ट्रीटमेंट समजावून सांगते आणि मला अक्कल शिकवते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी डोळ्याखालच्या खड्ड्यांसाठी. फिलर म्हणतात त्याला. काचेसारखं जेल असतं, ते बारीक नळीच्या सुईने डोळ्याखाली सोडतात. खड्डा वर येतो, माणूस आठ तास झोपून उठल्यासारखा दिसतो. मिरा-भाईंदरमध्ये रस्त्यावरचे खड्डे भरायला कुणी येत नाही, पण डोळ्याखालचे भरून घ्यायला वेटिंग आहे!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको. चार महिन्यांपूर्वी माझा दादा गेला. कल्पेश. घोडबंदरला, बाइकवर. त्याबद्दल मी इथे काही बोलणार नाही, बोललो तर पुढचं लिहून होणार नाही. फक्त एवढंच, की दादाचे डोळे लहानपणापासून खोल होते. आमच्या बाबांचे तसे होते म्हणे. माझे नव्हते. दादा गेला तशी माझी झोप गेली, अंगावरचं मांस उतरलं आणि माझेही डोळे आत गेले. आता मी डिट्टो दादा दिसतो. गावातला दुकानदार परवा मला "काय रे कल्पेश" म्हणाला आणि मग उगाच साबण मोजत बसला.

आणि आई माझ्या तोंडाकडे बघत नाही. बोलते, वाढते, माझे कपडे धुते, सगळं करते. बघत नाही. घरात आम्ही दोघंच. तिने माझ्याकडे बघावं, एवढंच मला पाहिजे. बस. आता किस्से.

* * *

एक सून आमच्याकडे यायची. चांगल्या घरची, डोक्याला ओढणी बांधून, गॉगल लावून यायची. रेश्माला पहिल्या दिवशीच बजावून ठेवलेलं, "घरी कळता कामा नये हं. माझ्या सासूबाई फार कडक आहेत. मी बँकेत जाते म्हणून सांगितलंय."

अकराची अपॉइंटमेंट. ती डोळ्याखाली बधिर करायची क्रीम लावून वेटिंगमध्ये बसलेली. तेवढ्यात दार उघडलं आणि साठीच्या एक बाई आत आल्या. डोक्यावर पदर, डोळ्यावर गॉगल. काउंटरवर येऊन हळूच म्हणाल्या, "साडेअकराची वेळ आहे माझी. आणि हे बघ, घरी कळता कामा नये. सून फार आगाऊ आहे. मी देवळात जाते म्हणून सांगितलंय."

रेश्माने रजिस्टरमध्ये आडनाव बघितलं. मग वेटिंगकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी तर आधीच बर्फाच्या फ्रीजमागे गेलो होतो!

दोघी समोरासमोर.

सासू म्हणाल्या, "बँक इकडे हलवली वाटतं?"

सून म्हणाली, "हो ना. देवळाच्या बाजूलाच घेतलीय जागा."

मला वाटलं आता महाभारत होणार. पण सासूबाई शांतपणे तिच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "दुखतं का गं?"

"नाही हो. मी गेल्या वर्षी केलं तेव्हा कळलंसुद्धा नाही."

"गेल्या वर्षी?" सासूबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "आणि मी बाहेर सांगत फिरतेय, की माझ्या हातचं खाऊन सुनेच्या तोंडावर तेज आलंय!"

* * *

फोटोचं काम माझ्याकडे आहे म्हणून सांगितलं. मॅडमचा नियम कडक. भिंतीला निळा कपडा, केस मागे, मेकअप नाही, हसायचं नाही. ट्रीटमेंटच्या आधी एक फोटो आणि पंधरा दिवसांनी एक.

एक इस्टेट एजंट आले होते. फ्लॅट दाखवून दाखवून फोटोसमोर हसायची त्यांना सवयच. मी नवीन होतो, मीही म्हटलं, "वा सर, मस्त!" पहिल्या फोटोत ते असे हसले की बत्तीसच्या बत्तीस दात मोजून घ्या. पंधरा दिवसांनी आले तेव्हा कुठलंतरी डील फिसकटलं होतं. तोंड पडलेलं. काढला फोटो.

मॅडमने दोन्ही फोटो शेजारी लावून त्यांना दाखवले. ते बघतच राहिले. "मॅडम, हे उलटं झालं का? आधीचंच बरं होतं! काढा ते जेल!"

मॅडमने माझ्याकडे जे बघितलं, त्या नजरेने जेल आपोआप विरघळलं असतं.

तेव्हापासून मी एक आयडिया केलीय. "हसू नका" असं सांगितलं की माणसाला जास्तच हसू येतं. म्हणून मी कॅमेरा लावतो आणि सहज विचारतो, "तुमच्या सोसायटीत पाणी वेळेवर येतं का हो?"

एका सेकंदात चेहरा असा पडतो! या प्रश्नावर हसलेला माणूस मिरा रोडला मी अजून बघितलेला नाही.

* * *

आमच्या भाईंदरच्याच पाली गावातून एक मावशी आल्या होत्या. बाजारात मासे विकतात. अंगावर चांगली साडी, हातात सोन्याच्या बांगड्या, आवाज असा की बाहेर रिक्षावाले थांबले. मुलाने स्कूटरवरून आणून सोडलं होतं आणि लाजून खालीच उभा राहिला होता.

मॅडमने नेहमीप्रमाणे विचारलं, "काय त्रास होतो?"

"त्रास मना काय न्हाय. धंद्याला होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा. गिऱ्हाईक येतं. पापलेट उचलतं. पहिला डोळा बघतं. डोळा वर असला तर ताजं, आत गेला तर शिळं. हाय का न्हाय?"

"हाय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी मासा बघितला नव्हता.

"माझ्या पापलेटाचा डोळा एकदम वर असतो. मग ते गिऱ्हाईक माझ्याकडं बघतं. माझा डोळा आत! आणि भाव पाडतं! बाजूच्या टोपलीवाल्या हसतात मना. म्हणतात, मावशे, तू बर्फात बस नि माशांना बाहेर ठेव."

मॅडमने तपासलं. अंगठ्याने हाड दाबलं, वरून टॉर्च मारला, आडवा मारला. म्हणाल्या, होईल. जेल कसं असतं, ते थोडं पाणी धरून ठेवतं, सगळं नीट समजावलं.

मावशींनी मान हलवली. "पाणी पाजून फुगवलेला मासा आम्ही विकत न्हाय हां डॉक्टरीण बाई. जास्त करू नका. गिऱ्हाईक हुशार हाय."

दीड वर्षात फिलर कमी भरा म्हणून सांगणारा तो एकच पेशंट!

पंधरा दिवसांनी फोटोला आल्या. मी विचारलं, "मावशी, बाजारात काय म्हणतात?"

"काय म्हणनार? आता मीच म्हणते गिऱ्हाइकाला. भाव करायचा न्हाय. दोघी ताज्या हाव!"

* * *

माझ्या डोळ्यांमुळे क्लिनिकचा धंदा बसायला लागला, हे मला रेश्माने सांगितलं. एक बाई फिलर करायचं की नाही या विचारात होत्या. मी फोटोसाठी त्यांना बोलवायला गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रेश्माला विचारलं, "यांना तुमच्याकडे काम करून किती वर्षं झाली?" आणि गेल्या त्या गेल्याच.

"बस इथे," रेश्मा म्हणाली. तिने पर्समधून एक नारंगी ट्यूब काढली. "हे करेक्टर आहे. आधी नारंगी लावायचं, मग त्याच्यावर कातडीच्या रंगाचं. काळं दिसत नाही."

तिने दोन्ही डोळ्यांखाली नारंगी लावलं. तेवढ्यात फोन वाजला, मग पेशंट आला, मग ती विसरली. मीही विसरलो. आरसे सगळीकडे आहेत आमच्याकडे, पण त्यात मी हल्ली बघत नाही.

संध्याकाळी सहाच्या बसने घरी निघालो. कंडक्टरने तिकीट देताना दोनदा बघितलं. समोरच्या सीटवर एक लहान पोरगी आईला म्हणाली, "मम्मी, वो देखो, गाजर लगाया है." अख्खी बस हसली. मी खिडकीच्या काचेत बघितलं तेव्हा कळलं. दोन नारंगी पट्टे, सर्कशीतल्या जोकरसारखे! मलाही हसू आलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसलो. म्हटलं, राहू दे असंच. पुसायचं नाही. आई बघेल, हसेल, शिव्या घालेल.

गावात उतरलो. शेजारची वहिनी दारातच हसून खाली बसली. कुत्रीसुद्धा भुंकली.

घरात गेलो. आईने पाणी दिलं. चहा दिला. "उद्या लवकर जायचं हाय का?" विचारलं. भिंतीला म्हणा, कपाला म्हणा, पण मला नाही. मी तिच्यासमोर अर्धा तास बसलो होतो. दोन्ही गालांवर नारंगी पट्टे घेऊन.

मग मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. साबणाने निघत नाही ते. खोबरेल लागतं.

* * *

परळहून इकडे राहायला आलेले एक काका-काकू. काका रिटायर्ड, काकूंचा सगळ्या गोष्टींत प्रश्न तयार. भाचीचं लग्न होतं, म्हणून दोघांनाही डोळ्याखालचं भरून घ्यायचं होतं.

काकूंनी रेश्माला विचारलं, "एका सिरिंजमध्ये किती असतं गं?"

"एक एमएल."

"मग दोघांत एक बस होईल की! अर्धी यांना, अर्धी मला."

मॅडम आतून धावत आल्या. "अहो, एक सिरिंज एकाच माणसाची असते! इन्फेक्शन होईल!"

"कसलं इन्फेक्शन?" काकू म्हणाल्या. "तीस वर्षं एका कपातला चहा दोघं पितोय. व्हायचं ते कधीच होऊन गेलं."

काका म्हणाले, "बरं, मग तिला द्या. उरलेली फ्रीजमध्ये ठेवा, वर नाव लिहून. दिवाळीला बघू."

"काका, लोणचं आहे का ते?" मॅडमनी कपाळाला हात लावला.

आता मॅडमची एक सवय सांगतो. त्या आधी नाही म्हणायचं बघतात. रेश्मा चिडते, पण त्यांचं तसंच आहे. म्हणतात, सगळे खड्डे भरायचे नसतात. कुणाचा नुसता रंग काळा असतो, कुणाच्या डोळ्याखाली पिशवी असते, तिथे जेल घातलं तर आणखी सुजल्यासारखं दिसतं. तर त्यांनी दोघांना टॉर्चखाली घेतलं. दहा मिनिटं बघितलं. आणि निकाल दिला. काकूंना गरजच नाही, नुसती सावली आहे. काकांच्या पिशव्या आहेत, त्यांना फिलर चालणार नाही.

दोघं रिकाम्या हाताने गेले. काका हिरमुसले. पण काकूंचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता.

"ऐकलंत ना डॉक्टर काय म्हणाल्या? मला लागत नाही, आणि तुम्हाला चालत नाही!"

* * *

नारंगी पट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, "माझे पण भरा."

"नाही."

"का?"

"तुझे झोपेचे आहेत, दीकरा. झोप, जेव, वजन वाढव. मग बघू."

मी आठवडाभर रोज विचारलं. त्या रोज नाही म्हणाल्या. माझं डोकं कसं आहे, एकदा काही घुसलं की मला थांबता येत नाही. दादा म्हणायचा, तुझ्या गाडीला ब्रेक बसवायचा कंपनी विसरली. मी रेश्मा जेवायला गेलेली बघून रजिस्टर उघडलं आणि मंगळवार, साडेबाराच्या खान्यात लिहिलं, "श्री. जे. के. पाटील. नवीन पेशंट." फाइल केली. फॉर्म भरला. निळ्या कपड्यासमोर मोबाइल टेकवून स्वतःचा फोटो स्वतः काढला. पाण्याचा प्रश्नही स्वतःला विचारला. गरज नव्हती.

मंगळवारी साडेबाराला मॅडम हातमोजे घालत आत आल्या. खुर्चीवर मी, गळ्याला टॉवेल बांधून.

"पेशंट कुठेय?"

"नमस्कार मॅडम. आम्ही पाटील."

"ऊठ! ऊठ आधी! रेश्मा!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की बाहेर फेशियलला बसलेली बाई उठून निघून गेली. "फॉर्म पण भरला? सही पण केली? दाखव काय शहाणपणा केलाय ते!"

फॉर्ममध्ये शेवटी एक प्रश्न असतो. या ट्रीटमेंटकडून तुमची काय अपेक्षा आहे? लोक काय वाट्टेल ते लिहितात. दहा वर्षं लहान दिसावं. बहिणीपेक्षा बरी दिसावी. एकाने लिहिलं होतं, प्रमोशन. मॅडम मोठ्याने वाचायला लागल्या, मला सगळ्यांसमोर लाजवायला.

"अपेक्षा. आईने..."

पुढचं त्यांनी मनातच वाचलं. मी लिहिलं होतं, आईने माझ्याकडे बघावं.

फॉर्म त्यांनी घडी करून खिशात ठेवला. हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "तीन आठवडे वेळेवर जेवायचं. झोपायचं. रक्ताचा रिपोर्ट करून आणायचा. पुढच्या महिन्यात रविवारी माझं ट्रेनिंग आहे, बाहेरचे डॉक्टर येतात. त्यांना दाखवायला मॉडेल लागतं."

"म्हणजे मी मॉडेल?"

"गधेडा," मॅडम म्हणाल्या, "बाहेर जा आणि त्या फेशियलवाल्या बाईला शोधून आण!"

* * *

तो रविवार.

वसई, ठाणे, पालघरकडचे मिळून सहा डॉक्टर आले होते. मी खुर्चीत. डोक्याला निळी टोपी, पायात निळे प्लास्टिकचे मोजे, डोळ्याखाली पांढऱ्या पेन्सिलने ठिपके. सहा डॉक्टर एका वेळी इतक्या जवळून माझ्या तोंडाकडे बघत होते की कुणी सकाळी काय खाल्लं तेही मला कळलं.

एक ताई डॉक्टर म्हणाल्या, "किती क्लासिक हॉलो आहे! सुंदर!"

मी म्हटलं, "थँक्यू."

मॅडमची शिकवायची एक पद्धत आहे. आधी एकच बाजू भरायची. मग पेशंटला सरळ बसवून सगळ्यांना फरक दाखवायचा. मग चहा. चहा झाला की दुसरी बाजू. त्यांनी माझी उजवी बाजू भरली. खरंच दुखलं नाही, नुसतं कुणीतरी आतून बोट फिरवल्यासारखं. सगळे डॉक्टर वा वा करत समोसे खायला बाहेर गेले. एक जण जाताना माझ्या हातात आरसा देऊन गेला.

मी बघितलं.

एका बाजूला मी होतो. वर्षापूर्वीचा. दुसऱ्या बाजूला दादा.

मी हाताने उजवी बाजू झाकली. समोर दादा. डावी झाकली. समोर मी. पुन्हा उजवी. किती वेळ तसं करत होतो माहीत नाही. दादाला मी चार महिन्यांत बघितलं नव्हतं. फोटो बघतो तो वेगळा. हा डोळे मिचकावत होता.

बाहेरून मॅडमचा आवाज आला, "चल जयेश, झोप. दुसरी बाजू घेऊया."

मी उठलो आणि मागच्या दाराने पळालो.

जिन्यात कळलं की चपला राहिल्या. पायात ते निळे प्लास्टिकचे मोजे. तसाच रस्त्यावर आलो आणि समोर दिसली त्या रिक्षात घुसलो. रिक्षावाल्याने आरशात बघितलं. टोपी, ठिपके, मोजे.

"भाई, ऑपरेशन आधा छोड के भागे क्या?"

"हां."

"आधा हुआ ना?"

"हां."

"सही किया. पूरा करते तो गए थे तुम," तो म्हणाला आणि सिग्नल तोडून त्याने रिक्षा काढली.

खिशात फोन वाजत होता. मॅडम. मी उचलला नाही.

* * *

घरी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आई शेगडीकडे तोंड करून भाकऱ्या करत होती.

"आलास? हात धू." मागे न बघताच.

मी हात धुतले, येऊन बसलो. तिने पाठमोरीच ताट सरकवलं. कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी.

"आई, इकडे बघ."

"जेव."

"बघ ना जरा."

"गरम हाय तवर जेव."

मी जेवलो नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. थोड्या वेळाने ती भाकरी वाढायला अर्धवट वळली. नजर माझ्या ताटावर, नेहमीसारखी. पण माझ्या डोक्यावर ती निळी टोपी होती, हॉस्पिटलात असते तशी. ती तिला दिसली. आईच्या हातातली भाकरी खाली पडली.

"काय झालं तुला?" तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "काय झालं रं? कुठं लागलं?"

"कुठे नाही. आई, काही नाही झालं. डोळ्याखाली भरून आलोय. क्लिनिकमध्ये. एकच बाजू झाली. मी पळून आलो."

तिने माझं तोंड एका बाजूला वळवलं. उजवी बाजू. बघितलं. खूप वेळ बघितलं. मग एक चापट मारली, हळू.

"येडा तो येडाच ऱ्हायलास, जया," ती म्हणाली. "कुणाला न सांगता थोबाडात सुया टोचून घेतो! अक्कल हाय का तुला?"

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मी हसायला लागलो.

मग तिने माझं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं.

तिचा अंगठा माझ्या डोळ्याखाली होता, हाडावर. मॅडम ठेवतात तसा, पण मॅडम मोजतात. तव्यावरची भाकरी करपली. आमच्या घरात भाकरी कधी करपत नाही. वास सगळ्या घरात भरला, तरी ती हलली नाही. मीही हललो नाही. पापणीसुद्धा सांभाळून हलवत होतो.

माझा फोन पुन्हा वाजला. तो ताटाच्या बाजूलाच होता. मी घेणार, तेवढ्यात आईने उचलला. ती माझा फोन कधी उचलत नाही.

"हॅलो. हां, हाय, घरीच हाय. बरा हाय."

पलीकडून मॅडमचं बरंच काही चालू होतं. सूज, बर्फ, दाबू नका, दुसरी बाजू, लगेच पाठवा. आई ऐकत होती आणि एका हाताने माझ्या ताटात आणखी कालवण वाढत होती. मग वाटीत. मग पुन्हा ताटात.

"न्हाय, आता न्हाय येनार," ती म्हणाली. "नंतर फोन करा, मॅडम. माझी पोरं जेवायला बसलीत."